१. ई४ ए६ : स्कारा, १९८०

जानेवारी १९८०. स्वीडनमधल्या स्कारा गावात युरोपीय सांघिक बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा. इंग्लंडविरुद्ध सोव्हिएत संघ. पांढऱ्या सोंगट्यांनी जगज्जेता अनातोली कार्पोव्ह, काळ्यांनी चोवीस वर्षांचा टोनी माइल्स. कार्पोव्हने राजाचं प्यादं दोन घरं सरकवलं. माइल्सने उत्तरादाखल पटाच्या अगदी कडेचं प्यादं एक घर पुढे केलं (पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, त्याच्या बाजूने रांगा १ ते ८). ए६. पुढच्याच चालीला शेजारचंही पुढे काढलं, बी५. प्रेक्षकांत हशा पिकला, असं माइल्सने नंतर सांगितलं.

शेहेचाळीस चालींनी कार्पोव्हने डाव सोडला.

हा डाव अनेकदा "वेड्या चालीने जगज्जेता हरला" अशा थाटात सांगितला जातो. पण ए६ या चालीने काहीच जिंकलेलं नाही. तिने काळ्याला वरचष्मा मिळाला नाही, सापळा लागला नाही, सोंगटीही पडली नाही. तिने फक्त पांढऱ्याला अशा जागी आणून ठेवलं, जिथे "याला शिक्षा झालीच पाहिजे" असं वाटत राहतं. त्या शिक्षेच्या तयारीत पांढऱ्याने स्वतःच्या दोन प्याद्यांवरचा पहारा एकेक करून काढून घेतला. ती दोन प्यादी म्हणजे बी२ आणि ई५. डाव पाहताना या दोन घरांवर बोट ठेवून बसलं, तर सगळं नीट दिसतं.

ही चाल का, आणि याच माणसासमोर का

माइल्सचं ई४ विरुद्धचं ओळखीचं शस्त्र म्हणजे सिसिलियन ड्रॅगन, ई४ ला सी५ ने उत्तर देऊन उंट जी७ वर बसवणारी मांडणी. आणि ड्रॅगन फोडायचा कसा, हे त्या काळी कार्पोव्हइतकं कुणाला माहीत नसेल. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या १९७४ च्या कँडिडेट्स अंतिम सामन्यातल्या दुसऱ्या डावात त्याने कोर्च्नॉयचा ड्रॅगन २७ चालींत मोडला होता. अशा माणसासमोर त्याच्याच तालमीत उतरायचं नाही, एवढा व्यवहार त्यात नक्कीच होता.

चाल माइल्सची स्वतःची नव्हे. लंडनमध्ये १८६८ साली स्टाइनिट्झ (पुढे पहिला जगज्जेता) एकाच वेळी अनेकांशी खेळत असताना बेकर नावाच्या हौशी खेळाडूने त्याला याच मांडणीने हरवलं होतं. त्यानंतर शंभरेक वर्षं तिकडे फारसं कुणी गांभीर्याने पाहिलं नाही. इंग्लंडमध्ये मायकेल बासमन या खेळाडूने तिचा पाठपुरावा केला आणि माइल्सने ती त्याच्याकडून उचलली, असं मानलं जातं. नाव पडलं सेंट जॉर्ज बचाव. माइल्स बर्मिंगहॅमचा म्हणून काही जण तिला बर्मिंगहॅम बचावही म्हणतात.

पहिल्या बारा चाली

खालच्या नोंदीत रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा; × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, आणि आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर चाल काळ्याची. घोबीडी२ म्हणजे बी-पट्टीवरचा घोडा डी२ वर. कॅसलिंग म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कडेकडे सुरक्षित नेणं. नुसतं घर लिहिलं असेल तर प्याद्याची चाल.

१. ई४ ए६ २. डी४ बी५ ३. घोएफ३ उंबी७ ४. उंडी३ घोएफ६ ५. वई२ ई६ ६. ए४ सी५ ७. डी×सी५ उं×सी५ ८. घोबीडी२ बी४ ९. ई५ घोडी५ १०. घोई४ उंई७ ११. कॅसलिंग घोसी६ १२. उंडी२ वसी७

पहिल्या दोन चालींनंतर पट पाहिला तर पांढऱ्याची दोन प्यादी मध्यभागी ऐटीत उभी आहेत आणि काळ्याची एकही सोंगटी बाहेर नाही. आजचं इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम) इथे पांढऱ्याला अर्ध्या प्याद्याहून जास्त सरशी दाखवतं, आणि त्यात काही गैर नाही. पण काळ्याचा विचार साधा आहे. उंट बी७ वर आला की त्याचा मारा थेट ई४ वर. मग घोडा एफ६ वर, म्हणजे ई४ वर दुसरा मारा. बी५ चं प्यादं पुढे बी४ ला जाऊ शकतं, म्हणून पांढऱ्याला घोडा सी३ वर ठेवून ई४ राखायची सोय नाही. चौथ्या चालीला घोसी३ खेळलं तर बी४, घोडा हलतो आणि ई४ उघडं पडतं. म्हणून कार्पोव्हने उंट डी३ वर आणि वजीर ई२ वर घेतला. दोघं मिळून ई४ सांभाळतात आणि दोघांचाही रोख बी५ वर आहे.

आता ६. ए४. धमकी खरी आहे: ए×बी५, ए×बी५, हत्ती बदलायचे आणि उंटाने बी५ उचलायचं. काळ्याने घाबरून लगेच बी४ केलं असतं तर बी-प्याद्याची हालचाल फुकट गेली असती. माइल्सने सी५ खेळला, बी५ तसंच ठेवून. ते का चालतं? डी३ चा उंट बी५ घ्यायला गेला की ई४ चा एक पहारेकरी कमी होतो. मारणारे दोन, राखणारा एकटा वजीर. एक प्यादं गेलं तर एक मिळतं, आणि मिळतं ते मध्यभागाचं.

७. डी×सी५ हा माझ्या मते डावातला पहिला बेताचा निर्णय. तो चूक नाही, पण यापुढे पांढऱ्याच्या ई-प्याद्याला डी४ चा टेकू उरला नाही. काळ्याचा उंट मात्र एका चालीत सी५ वर येऊन बसला. नवव्या चालीला ई५ आलं तेव्हा ते दिसायला दांडगं होतं, घोड्याला हुसकावत होतं. पण मागे आधार देणारं प्यादं एकही नाही. हुसकावलेला घोडा डी५ वर गेला आणि तिथे आरामात बसला.

दहाव्या चालीला घोई४ आल्यावर काळ्याने उंट बदलू दिला नाही, ई७ ला मागे घेतला. आणि कॅसलिंग केलं नाही! डी३ चा उंट, ई४ चा घोडा, ई२ चा वजीर, सगळे राजाच्या बाजूकडे तोंड करून उभे असताना तिकडे राजा नेऊन ठेवायची घाई कशाला? माइल्सचं कॅसलिंग अठराव्या चालीला झालं. या मांडणीत काळा जिथे आपटतो ती जागा हीच. एफ६ वरचा घोडा ई५ मुळे हललेला असतो, एच७ ला राखणारं कुणी नसतं, आणि सवयीने आठव्या-नवव्या चालीला राजा जी८ वर गेला की उं×एच७ चा बळी वाट बघत असतो.

स्वतः खेळायची असेल तर

इथे डाव थोडा थांबवून सांगतो, कारण जिल्हा पातळीच्या स्पर्धेत ही मांडणी खेळणाऱ्याला कार्पोव्हच्या चाली क्वचितच दिसतात.

सर्वांत त्रासदायक असते ती सगळ्यात साधी मांडणी: घोएफ३, उंडी३, कॅसलिंग आणि सी३. मग सी५ आलं तरी पांढरा डी४ वरून मारत नाही, सी३ चा टेकू असल्यामुळे तिथेच उभा राहतो. काळा गडबडून डी५ खेळला की पांढरा ई५ करतो आणि बी७ चा उंट स्वतःच्याच डी५ च्या प्याद्यामागे कोंडला जातो. फ्रेंच बचावासारखी (ई४ ला ई६ हे उत्तर) कोंडी, वर उंट आणखी वाईट जागी. म्हणून डी-प्यादं शक्यतो डी७ किंवा डी६ वर ठेवावं. उंटाचा तिरका रस्ता बंद करायचा असेल तर बी५ वर दोन चाली खर्चून काय मिळवलं?

तिसऱ्या चालीलाच ए४ आलं तर बी४ ने पळ काढू नये. उंबी७ खेळावं. ४. ए×बी५ ए×बी५ ५. ह×ए८ उं×ए८ ६. उं×बी५ उं×ई४, हिशेब चुकता. कडेचं गेलं, मधलं आलं.

दुसऱ्या चालीला कुणी सी४ केलं तर बी५ चा विषय संपला. हट्टाने तिकडे जाऊ नये. सी५, ई६ अशी सिसिलियनकडे झुकणारी मांडणी घ्यावी, तिथे ए६ कामाचंच असतं.

आणि सी५ च्या आधी ई६ झालेलं हवं. नाहीतर डी×सी५ नंतर एफ८ चा उंट मागच्या मागे अडकतो आणि एक प्यादं नुसतंच गेलेलं असतं. चालींचा क्रम उलटापालटा होण्याची चूक घरी कधी होत नाही, पटावर घड्याळ चालू असताना होते.

तयारीसाठी हे तीन-चार फाटे आणि त्यातली प्याद्यांची रचना एवढं पुरे. पंचवीस चालींपर्यंत पाठांतर करण्यात अर्थ नाही, कारण समोरचा तिसऱ्या चालीपासून स्वतःच्या डोक्याने खेळणार आहे. उपयोग तोच आहे.

मधला खेळ: पहारा कसा उठला

१३. सी४ बी×सी३ १४. घो×सी३ घो×सी३ १५. उं×सी३ घोबी४

तेराव्या चालीने कार्पोव्हने डी५ चा घोडा हलवायचा प्रयत्न केला. काळ्याने प्यादं एन पासाँने उचललं, म्हणजे दोन घरं सरकून शेजारी आलेलं प्यादं एकच घर सरकल्यासारखं मारलं. दोन घोडे बदलले आणि पांढऱ्याचा उंट सी३ वर आला. आता पहारा मोजू. ई५ वर तिघं: सी३ चा उंट, एफ३ चा घोडा, आणि ई-पट्टी मोकळी असल्याने ई२ चा वजीर. बी२ वर दोघं: सी३ चा उंट आणि दुसऱ्या रांगेतून वजीर. बी-पट्टी मात्र आता काळ्यासाठी उघडी आहे.

१५... घोबी४ ही माझ्या लेखी या डावातली सर्वोत्तम चाल. घोडा डी३ च्या उंटावर जातो. कार्पोव्हने तो मारला, १६. उं×बी४ उं×बी४. काळ्याला उंटांची जोडी मिळाली हे सगळे सांगतात. त्याहून महत्त्वाचं हे, की बी२ आणि ई५ अशा दोन्ही घरांवर नजर ठेवणाऱ्या दोन पहारेकऱ्यांपैकी एक, सी३ चा उंट, पटावरून उतरला. उरला एकटा वजीर.

१७. हएसी१ वबी६ १८. उंई४ कॅसलिंग

काळ्या वजिराची नजर बी-पट्टीतून बी२ वर. पांढऱ्याने उंट ई४ वर आणला तेव्हा वजिराची ई५ वरची रेषा तात्पुरती बुजली. आणि आता, अखेर, काळ्याचं कॅसलिंग. कार्पोव्हसमोर तोच जुना मोह होता: १९. उं×एच७+ रा×एच७ २०. घोजी५+ राजी६ २१. वजी४ एफ५. तिथून पुढचं गणित दोन्ही बाजूंना अवघड आहे, आणि कार्पोव्ह हा उगाच बळी देणारा खेळाडू नव्हता. त्याने मवाळ रूप निवडलं.

१९. घोजी५ एच६ २०. उंएच७+ राएच८ २१. उंबी१

हे पटावर मांडून बघण्यासारखं आहे. जी५ चा घोडा एच६ च्या तोंडात आहे आणि पांढऱ्याने तो तसाच ठेवून उंट थेट बी१ पर्यंत मागे नेला. घोडा मारला तर? २१... एच×जी५ २२. वएच५+ राजी८ २३. वएच७, मात. बी१ चा उंट पूर्ण तिरप्या रेषेवरून एच७ ला जोर देतो आणि एफ८ वर काळ्याचाच हत्ती वाट अडवून उभा. म्हणून माइल्सने उंट ई७ वर घेतला. आता घोड्यावर उंटाचाही मारा आहे, आणि उंटाने मारलं तर एच-पट्टी बंदच राहते. २२. घोई४ हएसी८.

पुन्हा मोजणी. ई५: घोडा एफ३ वरून गेलेला, वजिराची रेषा ई४ च्या घोड्याने बुजवलेली. पहारेकरी शून्य. ते पडत नाही ते फक्त काळ्याची कुठली सोंगटी तिथे पोचत नाही म्हणून. बी२: एकटा वजीर, दुसऱ्या रांगेतून.

आणि कार्पोव्हने वजीर हलवला.

२३. वडी३

धमकी भयंकर दिसते. वजीर आणि उंट एकाच तिरप्या रेषेत एच७ कडे तोंड करून, मध्ये फक्त ई४ चा घोडा. तो कुठेही उडाला की एच७ वर मात. असा दबाव समोर आला की बहुतेक खेळाडू जी६ करून अंग चोरतात. माइल्सने आधी हत्ती बदलला, २३... ह×सी१ २४. ह×सी१, आणि मग २४... व×बी२.

आता घोडा उडवा. २५. घोएफ६ केलं तर व×सी१+, शह! पांढऱ्याला स्वतःचा वजीर आड घालावा लागतो, तो बदलला जातो आणि मात देण्याची धमकी तिथेच विरते. म्हणून २५. हई१. यावर २५... व×ई५. पुन्हा तेच: घोडा हलला की ई-पट्टी उघडते, काळा वजीर ई१ चा हत्ती शह देत मारतो. ज्या घोड्याच्या जोरावर सगळा हल्ला उभा होता, तो ई४ वर खिळून बसला. काळ्या राजाच्या बचावासाठी माइल्सला एकही संथ चाल खेळावी लागली नाही.

कार्पोव्हने २६. व×डी७ ने एक प्यादं परत घेतलं, त्यात ई७ आणि बी७ या दोन्ही उंटांवर मारा. इथे हात घसरला तर सगळं धुऊन जाईल अशी जागा आहे. २६... उंबी४ हे उत्तर. एक उंट माऱ्यातून निघाला आणि ई१ च्या हत्तीवर गेला. व×बी७ केलं तर उं×ई१. २७. हई३ वडी५ २८. व×डी५ उं×डी५. वजीर उतरले. हिशेब असा: पांढऱ्याची प्यादी ए४, एफ२, जी२, एच२; काळ्याची ए६, ई६, एफ७, जी७, एच६. एक प्यादं जास्त, वर उंटांची जोडी, आणि पटावर जागाच जागा.

शेवट

२९. घोसी३ ने पांढऱ्याने डी५ च्या उंटावर मारा केला, आणि माइल्सने तो हलवलाच नाही. २९... हसी८. उंट मारून बघा: ३०. घो×डी५ हसी१+. आड घालायला फक्त हई१ आहे, आणि त्यावर ह×ई१ मात, कारण बी४ च्या उंटाचा ई१ वर जोर आहे आणि एफ२, जी२, एच२ या स्वतःच्याच प्याद्यांनी पांढरा राजा कोंडलाय. म्हणून ३०. घोई२, सी१ झाकायला.

पुढचं काम शांतपणे झालं. ३०... जी५ ३१. एच४ राजी७ ३२. एच×जी५ एच×जी५ ३३. उंडी३ ए५ ३४. हजी३ राएफ६ ३५. हजी४ उंडी६ ३६. राएफ१ उंई५ ३७. राई१ हएच८. एच-पट्टी उघडली ती पांढऱ्याने, वापरली काळ्याने. आणि कार्पोव्हचं प्यादं जिथे गेलं त्याच ई५ वर आता काळा उंट बसलाय.

३८. एफ४ जी×एफ४ ३९. घो×एफ४ उंसी६ ४०. घोई२ हएच१+ ४१. राडी२ हएच२ ४२. जी३ उंएफ३ ४३. हजी८ हजी२. ई२ च्या घोड्यावर हत्ती आणि उंट दोन्ही. ४४. राई१ उं×ई२ ४५. उं×ई२ ह×जी३. आता दोन प्यादी जास्त. उंट विरुद्ध रंगांचे राहिले, नुसते तेच असते तर बरोबरीची थोडी धुगधुगी होती. पण हत्ती पटावर आहेत, आणि ई व एफ ही जोडप्यादी चालायला मोकळी. ४६. हए८ ने कार्पोव्हने ए५ वर शेवटचा मारा केला. ४६... उंसी७. ए५ राखलं गेलं. इथे कार्पोव्हने हात पुढे केला. स्पर्धा संपली तेव्हा इंग्लंडचा संघ सोव्हिएत संघ आणि हंगेरीच्या मागोमाग तिसरा होता.